इलेक्ट्रोअकूस्टिक: गिटारवाला शब्द आणि संगीताच्या कार्यक्रमातला शब्द एकच का?

मृदुला (नाशिक)

नमस्कार मंडळी,

मुलाची दहावी झाली. आजवर क्लासमधल्या गिटारवर शिकला, आता स्वतःची हवी म्हणतोय आणि ते रास्तच आहे. त्याचे सर म्हणाले, "घेणारच आहात तर इलेक्ट्रोअकूस्टिक घ्या, कॉलेजच्या गॅदरिंगला उपयोगी पडेल." दुकानात गेलो तर दिसायला अगदी जुळ्या अशा दोन गिटारी समोर आल्या. एकीच्या कडेला छोटी काळी पट्टी, तिच्यावर सरकणारी बटणं, आणि बुडाला वायर खुपसायची जागा. एवढ्यासाठी किमतीत चांगलाच फरक. दुकानदार म्हणाला, "ही दोन्ही कामं करते, साधीचंही आणि इलेक्ट्रिकचंही." मुलाने तिथल्या तिथे सांगितलं की इलेक्ट्रिक गिटारचा आवाज असा येतच नाही. त्यामुळे काही न घेता परत आलो.

त्याच सुमारास पॅरिसला शिकणाऱ्या भाचीने एका कार्यक्रमाचा फोटो पाठवला. सभागृहात मंचावर माणूस नाही, वाद्य नाही, नुसते लहानमोठे स्पीकर उभे. लोक शांतपणे बसून ऐकतायत. कार्यक्रमाचं नाव "इलेक्ट्रोअकूस्टिक संगीत".

आता मला कळेना की या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे का. आणि गिटारसाठी जास्तीचे पैसे घालावेत का? घरी अँप्लिफायर नाही आणि लगेच घ्यायचा विचारही नाही.

---

सुहास (डोंबिवली)

दुकानदाराचं अर्धं बरोबर आहे. इलेक्ट्रोअकूस्टिक म्हणजे पोकळ पोटाची साधी गिटार, फक्त आत तारांची थरथर पकडून तिची वीज करणारा पिकअप बसवलेला. वायर काढली तरी पूर्ण आवाजात वाजते. इलेक्ट्रिक गिटार बहुतेक वेळा भरीव लाकडाची असते, वायर न लावता वाजवली तर दाराबाहेर ऐकू येत नाही. दोघींचा आवाज वेगळा, काम वेगळं. तुमचा मुलगा बरोबर बोलला.

माझं मत: घेऊन टाका. ट्यूनरही (तारा सुरात लावायचं साधन) अंगातच मिळतो.

---

साउंडवाला (कोल्हापूर)

मृदुलाताई, मी नाट्यगृहांत आणि मैदानावरच्या कार्यक्रमांत साउंड करतो. हे वाद्य माझ्या मिक्सरवर सारखं येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुठलंही वाद्य समोर आलं की मी दोन गोष्टी बघतो: आवाज जन्मतो कुठे आणि तो विजेत शिरतो कुठून. इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारेखाली चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. पोलादी तार हलली की गुंडाळीत वीज निर्माण होते. तिथे लाकडाच्या पोटाचं फारसं काम नाही. इलेक्ट्रोअकूस्टिकमध्ये मात्र आवाज आधी खराखुरा तयार होतो, तार, घोडी (तारा पोटावर जिथे टेकतात तो लाकडी तुकडा), वरची फळी, आतली हवा या सगळ्यांचा मिळून, आणि मग त्यातला एक भाग वायरीत जातो.

तो कुठून जातो ते बघा. गिटारच्या घोडीवर एक पांढरी पट्टी असते, तारा तिच्यावरून जातात. तिला सॅडल म्हणतात. बहुतेक गिटारींत या सॅडलच्या खाली, खाचेत, एक बारीक चपटी पट्टी दडवलेली असते. ती पिएझो. दाबले की वीज देणारे काही स्फटिक असतात, हा गुण पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिला. तार छेडली की सॅडलवरचा दाब कमीजास्त होतो आणि पिएझो त्याची वीज करतो. दुकानात वायर लावून गिटारच्या पोटावर बोटाने टकटक करा. स्पीकरमधून ती टकटक स्पष्ट ऐकू येईल, कारण पिकअप लाकडाशी जोडलेला आहे.

आता ती काळी पट्टी कशासाठी, तर पिएझोमधून येणारा सिग्नल फार नाजूक असतो. त्याला पुढे सुमारे एक मेगओहम किंवा त्याहून मोठा अवरोध मिळाला नाही तर खर्ज गळून जातो आणि कोरडा, पातळ आवाज उरतो. साध्या मिक्सरच्या माइकच्या भोकात तो थेट घातला की नेमकं हेच होतं. म्हणून गिटारमध्येच या नाजूक सिग्नलला बळ देणारा प्री-अँप असतो आणि तो बहुधा नऊ व्होल्टच्या चौकोनी सेलवर चालतो. खर्ज-तीव्र कमीजास्त करणारी बटणं त्याचीच.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत ती सांगतो. पिएझो सॅडलखालचा दाब पकडतो. पोटातल्या हवेचा घुमारा, जो तुम्हाला समोर बसून ऐकू येतो, तो त्याच्या वाट्याला फारसा येत नाही. त्यामुळे वायरीतून येणारा आवाज आणि लाकडाचा आवाज कधीच तंतोतंत एक नसतात. जोरात स्ट्रम केलं की पिएझोचा आवाज चपटा आणि टोचणारा होतो. स्टुडिओत म्हणूनच बरेच जण पिकअप बाजूला ठेवून चांगला कंडेन्सर माइक बाराव्या फ्रेटच्या (गिटारच्या दांड्यावरच्या धातूच्या पट्टीच्या) आसपास फूटभर अंतरावर लावतात. मंचावर ते जमत नाही. शेजारी ढोलकी, पायाशी मॉनिटर (कलाकाराला स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर), सगळं त्याच माइकमध्ये शिरतं आणि शिट्टी सुरू होते. तिथे पिकअपला पर्याय नाही. (पिकअप असूनही शिट्टी येऊ शकते, कारण स्पीकरच्या आवाजाने गिटारचं पोटच थरथरतं. गिटारच्या पोटावरच्या गोल भोकात रबरी झाकण बसवतात ते त्यासाठी.)

खरेदीचं माझं प्रामाणिक मत असं. आधी दोन्ही गिटारी वायरीशिवाय वाजवून घ्या. तुमच्या घरी अँप नाही, म्हणजे पोरगा रोज लाकडाचाच आवाज ऐकणार. त्याच्या कानाला तोच वळण लावणार. वरची फळी अखंड लाकडाची आहे की प्लायची, हे विचारा. त्याच पैशांत पिकअपविना पण अखंड फळीची गिटार मिळत असेल तर ती घ्या. पिकअप नंतर बसवता येतो, भोकात अडकवायचाही मिळतो. गिटार तीच असेल, फरक परवडणारा असेल आणि गॅदरिंग नक्की असेल, तर पिकअपवाली घ्यायला हरकत नाही. मात्र वायर लावून सहाही तारा एकेक करून वाजवा. एखादी तार दबकी आली तर सॅडल खाली नीट बसलेलं नाही. सगळी बटणं सरकवून बघा, खरखर येते का. आणि घरी आणल्यावर एक सवय लावा: वाजवून झालं की वायरीचा जॅक काढायचा. बऱ्याच गिटारींत जॅक आत असेपर्यंत प्री-अँप चालू राहतो आणि सेल संपतो, ते ऐन कार्यक्रमात कळतं.

सुहासदादा, ट्यूनरसाठी म्हणून पैसे घालू नयेत. गिटारच्या डोक्याला लावायचा चिमट्याचा ट्यूनर थोडक्यात मिळतो आणि चांगला चालतो.

---

शैलेश (लांजा)

साउंडवाला दादा, एक शंका. आमच्या मुंबईच्या आणि कोकणातल्या बँजो पार्ट्यांमधला बँजो यात कुठे बसतो? बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, हा अमेरिकेतला गोल बँजो नाही. हा बुलबुलतरंग. डाव्या हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबायची आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या. मूळ जपानचं तैशोगोतो, १९१२ साली नागोयात तयार झालेलं. आपल्याकडे येऊन ते गणपतीच्या मिरवणुकीचं वाद्य झालं.

आमच्या आजोबांच्या पेटीतला बुलबुलतरंग पोकळ आहे, अंगणात बसून वाजवला तरी गोड लागतो. मी वाजवतो त्यात तारांखाली पिकअप आहे, वायर काढली तर बाजूच्यालाही ऐकू जाणार नाही. कच्छीबाजा, ताशा, ढोल यांच्यामध्ये टिकायचं तर दुसरा इलाजच नाही. मग माझा बँजो इलेक्ट्रोअकूस्टिक की इलेक्ट्रिक?

---

साउंडवाला (कोल्हापूर)

शैलेशदादा, तुमचा इलेक्ट्रिक. आजोबांच्या पेटीच्या फळीला आतून पिएझोची चकती लावली तर ती इलेक्ट्रोअकूस्टिक होईल. कसोटी तीच: वायर काढल्यावर वाद्य पुरतं वाजतं का. गवयांकडचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणखी तिसरा प्रकार. तिथे तारच नाही, सूर सर्किटमध्येच तयार होतो.

आजोबांच्या पेटीवर काही बसवायचं असेल तर खिळा-स्क्रू मारू नका. चिकटवायची चकती घ्या, घोडीच्या जवळ दोनतीन ठिकाणी ठेवून ऐका आणि जिथे भरीव वाटेल तिथे लावा. बोटभर सरकवली तरी आवाज बदलतो. बँजो पार्टीच्या साउंडवर कुणीतरी नीट लिहायला हवं. मिरवणुकीच्या गाडीवर रस्त्यात चालता चालता जो समतोल साधतात तो सोपा नाही, आणि आमच्या लाईनीत त्याची कदर होत नाही.

---

अनुजा (संभाजीनगर)

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, त्यामुळे हा शब्द माझ्या टेबलावर तिसऱ्याच वेशात येतो. अभियांत्रिकीत इलेक्ट्रोअकूस्टिक्स ही अख्खी शाखा आहे: आवाजाची वीज आणि विजेचा आवाज करणारी सगळी साधनं. माइक, स्पीकर, हेडफोन, टेलिफोन, श्रवणयंत्र. आंतरराष्ट्रीय इलेक्ट्रोटेक्निकल आयोगाची यासाठी वेगळी तांत्रिक समिती आहे, क्रमांक २९, आणि तिचं नावच इलेक्ट्रोअकूस्टिक्स. श्रवणयंत्रांची प्रमाणकं आणि ध्वनिमापकांची प्रमाणकं याच नावाखाली निघतात.

माझ्या कामातलं उदाहरण देते. आजोबा तक्रार घेऊन येतात की यंत्र हल्ली कमी ऐकवतं. मी ते आधी एका छोट्या बंद पेटीत ठेवते. यंत्राचं तोंड दोन घन सेंटिमीटर पोकळी असलेल्या धातूच्या कपलरला जोडते. ती पोकळी म्हणजे कानाच्या जागी वापरायचं ठरलेलं माप. पेटीतला स्पीकर ठरावीक सूर देतो, पलीकडचा माइक मोजतो. यंत्र किती वाढवतंय, जास्तीत जास्त किती जोरात जातंय, आवाज किती फाटतोय, सगळा आलेख समोर येतो. याला आम्ही इलेक्ट्रोअकूस्टिक तपासणी म्हणतो. आजोबांचा कान बदलला की यंत्र बिघडलं, हे तिथे कळतं. पुष्कळदा दोन्ही ठीक असतात आणि नळीत मळ अडकलेला असतो.

याच शब्दाचा आणखी एक उपयोग: काही रुग्णांना खालचे सूर बरे ऐकू येतात आणि वरचे अजिबात नाही. त्यांना एकाच कानात खालचे सूर आवाज वाढवून आणि वरचे सूर कॉक्लिअर इम्प्लांटच्या (शस्त्रक्रियेने कानाच्या आत बसवायच्या यंत्राच्या) इलेक्ट्रोडमधून थेट विजेने देता येतात. याला इलेक्ट्रोअकूस्टिक स्टिम्युलेशन म्हणतात. इथे वीज परत आवाज होतच नाही, सरळ नसेला मिळते.

आणि शैलेश, मिरवणुकीत पोलीस जो डेसिबल मीटर धरतात तोही याच घराण्यातला. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ताशासमोर वाजवणाऱ्या सगळ्या मुलांनी कानात बोळे घालावेत ही माझी कळकळीची विनंती. कानातल्या केसपेशी गेल्या की परत येत नाहीत.

---

मृदुला (नाशिक)

सगळ्यांचे मनापासून आभार. गिटारचं आता स्पष्ट झालं, परत दुकानात जाऊन सहाही तारा वाजवून बघणार. पण भाचीच्या फोटोचं राहिलंच. वाजवणारं कुणी नसताना लोक ऐकायला काय जातात?

---

साउंडवाला (कोल्हापूर)

ताई, हा माझ्या आवडीचा विषय आहे. वाजवणारं कुणी नसतं असं वाटतं खरं. त्या फोटोत सभागृहाच्या मधोमध, प्रेक्षकांमध्ये, एक मिक्सर आणि त्याच्यामागे बसलेला माणूस दिसतोय का बघा. तो वाजवणारा.

सुरुवात पॅरिसमध्येच झाली. पिएर शेफेर हा फ्रेंच रेडिओतला इंजिनिअर. १९४८ मध्ये त्याने बातिन्योल स्टेशनात जाऊन रेल्वे इंजिनांचे आवाज तबकड्यांवर घेतले: शिट्ट्या, वाफ, रुळांवरचा ठेका. मग ते तुकडे कापून, उलटसुलट, कमीजास्त वेगाने, पुन्हापुन्हा लावून त्याने रचना केली, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ती रेडिओवर लागली. टेप त्याच्या हाती अजून आलेली नव्हती. तबकडीवरची खाच गोल बंद करून तोच तुकडा फिरत ठेवायचा, अशी सगळी हाताची कामं. तबला शिकलेल्या कुणीही ती रचना ऐकावी, रुळांच्या सांध्यांतला ठेका बदलतो तिथे मान आपोआप हलते.

तिकडे जर्मनीत कोलोनच्या रेडिओ स्टुडिओत १९५१ पासून हर्बर्ट आयमर्ट आणि मंडळींनी उलट वाट धरली. बाहेरचा आवाज घ्यायचाच नाही, ऑसिलेटरमधून (विजेने सूर काढणाऱ्या यंत्रातून) निघालेले शुद्ध सूर एकावर एक रचायचे. दोन्ही गटांत तेव्हा चांगलीच तेढ होती. मग त्याच स्टुडिओत कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेनने १९५६ मध्ये एका लहान मुलाचा गाता आवाज आणि विजेचे सूर एकाच रचनेत असे मिसळले की शब्द कुठे संपतो आणि ऑसिलेटर कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही. स्पीकरही श्रोत्यांच्या भोवती ठेवले. या दोन्ही वाटांच्या संगीताला मिळून पुढे इलेक्ट्रोअकूस्टिक हे नाव रुळलं. म्हणजे गिटारशी नातं आहेच, ताई. गिटारमध्ये खरा आवाज विजेत जाऊन मोठा होऊन परत येतो. इथे तो विजेत जाऊन तिथेच राहतो, घडवला जातो, आणि मग स्पीकरमधून पहिल्यांदा लोकांसमोर येतो. स्पीकर हेच वाद्य.

फोटोतला लहानमोठ्या स्पीकरांचा ताफा बघून मला पॅरिसचं अकूस्मोनियम आठवलं. फ्रांस्वा बेलने ते १९७४ मध्ये उभं केलं. सगळे स्पीकर मुद्दाम वेगवेगळ्या जातीचे: काही खर्जाचे, काही चिरक्या सुरांचे, काही लांब, काही प्रेक्षकांच्या कुशीत. रचना आधीच रेकॉर्ड केलेली असते, पण कुठला आवाज कुठल्या स्पीकरमधून, किती जोरात, केव्हा मागून पुढे आणायचा, हे मिक्सरवरचा माणूस त्या सभागृहात, त्या संध्याकाळी, हाताने ठरवतो. आमच्या कामात फेडर (मिक्सरवरची आवाज कमीजास्त करणारी सरकती बटणं) सरकवणाऱ्याकडे कुणी बघत नाही, आणि तसंच असावं, कारण लोक गायकाला ऐकायला आलेले असतात. या संगीतात मात्र फेडरवरचा हात हाच गळा असतो. त्यासाठी खोली ऐकता आली पाहिजे. रिकाम्या आणि भरलेल्या सभागृहाचा फरक आधीच मनात धरावा लागतो.

आपल्या देशातही हे झालंय. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर (विजेने सूर तयार करणारं वाद्य) आला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी स्टुडिओ उभारायला मदत केली. पखवाज वाजवणाऱ्या गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी १९७२ पर्यंत तिथे काम केलं. त्या टेपा संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. ब्रिटिश कलाकार पॉल पर्गास यांनी त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांचा अल्बम निघाला. भाचीला जरूर सांगा. पॅरिसच्या मित्रमंडळींना ऐकवण्यासारखं आहे. मुंबई-पुण्याच्या वीसपंचवीस वर्षांच्या पोरांना मी हे ऐकवतो तेव्हा त्यांना वाटतं की आत्ताचं आहे.

ऐकताना मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. साधे का होईना, हेडफोन लावा. नाहीतर खर्ज आणि डावंउजवं दोन्ही जातं, आणि या संगीतात तेच अर्धं असतं.

---

सुहास (डोंबिवली)

अकूस्मोनियमचं माहीत नव्हतं, आज ऐकणार. जाता जाता: माझ्या मुलीकडे नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार आहे. भोकात अडकवायचा पिकअप तिला चालेल का?

---

साउंडवाला (कोल्हापूर)

चुंबकाचा असेल तर नाही, दादा. नायलॉनचा चुंबकावर काही परिणाम होत नाही, आणि खर्जाच्या तीन तारांवर जी धातूची गुंडाळी असते तीही बहुतेक तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली, म्हणून त्यासुद्धा मुक्या राहतील. तिला पिएझोच घ्या. चिकटवायची चकती घोडीच्या आतल्या बाजूने लावून घ्या आणि पुढे छोटा प्री-अँप जोडा. चकती लावण्याआधी मऊ पुट्टीने तात्पुरती टिकवून जागा ठरवा. क्लासिकल गिटारची फळी पातळ असते, एकदा पक्क्या गोंदाने चिकटवलेली चकती उपटताना लाकडाचा पापुद्रा निघून येतो.